आबांना ऐकू जाईल असा सायलेन्सर

घरच्या घरी सायलेन्सर उघडणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. गाडी सुधारत नाही, हा थांबत नाही, मग दर रविवारी एक नवा किस्सा अंगणात पडलेलाच असतो! आमच्याकडे तर ढीग झालाय. लोक पोट धरून हसतात म्हणून सांगतो. मला स्वतःला आता फारसं हसू येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आम्ही चौघं वाळूजला एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला. अस्लमभाईचं घर हर्सूलला. त्याच्याकडे अंगण आणि ग्राइंडर. विलास कन्नडचा, घरचा ऊस. त्याच्याकडे मोबाइलवरचे व्हिडिओ आणि ते बघून आलेला आत्मविश्वास. माझ्याकडे पाना धरण्याचं काम. आणि गाडी भीमाची.

भीमाचे वडील, म्हणजे आबा, खुलताबादच्या पुढं डोंगरात मेंढरं राखतात. पूर्वी भीमा रविवारी निघाला, की घाटातच त्याच्या गाडीचा आवाज ओळखून आबा असतील तिथून खाली उतरायचे. मग बापलेक झाडाखाली बसून डबा खायचे. पुढं आबांचे कान गेले. मोबाइल वाजलेला कळेना. कानाचं मशीन आणून दिलं, तर "त्यात नुसता वारा वाजतो" म्हणून काढून ठेवलं. आता भीमा डोंगरभर हिंडतो. कधी आबा सापडतात, कधी नाही. सापडले नाहीत, की सोमवारी कंपनीत तो त्याच डब्यातली शिळी भाकरी मुकाट्यानं खात बसतो. ते बघवत नाही.

"गाडीचा आवाज वाढवला तर जाईल ऐकू त्यांना," भीमा एकदा म्हणाला. झालं! गाडीबरोबर आलेला सायलेन्सर तोंडाला फडकं बांधल्यासारखा वाजतो, हे आमचं मत होतंच.

*

पहिल्याच रविवारी आम्ही आतली जाळी कापून काढली. आवाज वाढला, पण फाटका. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. विलासनं व्हिडिओ लावला. "आत ग्लासवूल भरतात. मग आवाज घुमतो."

आता हा काचेचा कापूस कुठून आणायचा? मी घरून उशी आणली.

"कापूस पेटंल की," भीमा म्हणाला.

"गच्च ठासायचा! आत हवा नाय, तर आग कशी लागंल?" विलास म्हणाला. आणि आम्ही चौघं, रोज मशिनरीवर काम करणारी माणसं, हे ऐकून मान डोलावून मोकळे झालो!

गाडी चालू केली. थोड्याच वेळात अंगण धुरानं भरलं. अस्लमभाईची अम्मी दोरीवरचे कपडे ओढत आत पळाली. अस्लमभाई खोकत खोकत म्हणाला, "आवाज नहीं तो नहीं मियां, धुआँ तो दिखेगा आबा को!"

आम्ही हसलो. भीमा तेवढ्याच गंभीरपणे म्हणाला, "डोळे बी अधू झालेत त्यांचे."

*

मग तारेच्या घासण्या. तार कापसासारखी भडकत नाही, हे तरी नक्की होतं. बायकोनं नुकत्याच आणलेल्या सगळ्या घासण्या मी उचलल्या आणि आम्ही त्या एकेक करून आत कोंबल्या. इतक्या कोंबल्या, की भीमा गल्लीत चक्कर मारून आला तरी रस्त्यात झोपलेल्या कुत्र्यानं मान वर केली नाही.

"अरे, ये तो सायकल हो गई!" अस्लमभाई म्हणाला.

घासण्या काही केल्या बाहेर निघेनात. भीमा त्याच गाडीवर डोंगरात गेला आणि दुसऱ्या दिवशी कंपनीत शिळी भाकरी खाऊन मोकळा झाला. घरी बायको विचारत होती, "भांडी घासायचा एवढा पुळका कधीपासून आला?"

*

घासण्या आणि काजळी एकदम जाळून टाकायची, तर सायलेन्सर लाल होईपर्यंत तापवायला हवा. एवढी मोठी भट्टी आणायची कुठून? होळी आली! माझ्या कॉलनीची होळी चांगली रचलेली असते. पेटायच्या आधी आम्ही गोवऱ्यांच्या आत सायलेन्सर सरकवून ठेवला.

होळी पेटली. लोक प्रदक्षिणा घालायला लागले. गोवऱ्या ढासळल्या आणि नळकांडं बाहेर डोकावलं. पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन आलेल्या शेजारच्या मावशी आधी घाबरल्या, मग ओळखल्यावर ओरडल्या, "होळीत नारळ टाकतात रे मुडद्यांनो!"

धुळवडीला सकाळी भीमानं राखेतून सायलेन्सर काढला. घासण्या गेल्या होत्या. काजळी गेली होती. वेल्डिंगही गेलं होतं. त्याच्या हातात दोन तुकडे होते, आणि लोक त्यालाच रंग लावत होते.

*

अस्लमभाईनं तुकडे जोडले. या वेळी आत काहीच भरलं नाही. आवाज असा आला, की आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. भीमा म्हणाला, "आता आबा उतरणार बघ खाली."

घरी जाताना क्रांती चौकात पोलिसांनी धरलं. भीमानं खरं ते सांगितलं, "वडलांना ऐकू येत नाय, साहेब."

हवालदारांनी आधी सायलेन्सरकडं, मग भीमाकडं बघितलं. "वडलांना येत नाय. पण मला येतंय ना, बाबा!" सायलेन्सर जप्त.

पुढं जप्त केलेले सगळे सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवला. आम्ही बघायला गेलो होतो. भीमानं आपला लांबूनच ओळखला. रोलर त्याच्यावर चढला आणि असा काही दणदणीत, भरदार आवाज झाला, की विलास गर्दीतच ओरडला, "हाच! हाच आवाज पायजे होता!"

भीमा नुसता चपटा झालेला पत्रा बघत राहिला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. हे आपल्या हातून व्हायचं नाही, असं मनाशी ठरवून मी घरी आलो.

*

तरी शेवटचा एक झाला. भंगारातला सायलेन्सर, अस्लमभाईची कापाकापी, बाकीच्यांची गप्प बसण्याची शपथ. तो आडरस्त्यानं डोंगराखाली नेला आणि तिथंच गाडीला बसवला. भीमानं किक मारली. काय आवाज! छातीत वाजत होता. आम्ही तिघं दुसऱ्या गाड्यांवर मागं होतो, तरी एकमेकांचं बोलणं ऐकू येईना.

वळण घेतलं तर समोरच बाभळीखाली आबा, आमच्याकडं पाठ करून बसलेले. भीमानं मूठ पिळली. मेंढरं चौफेर उधळली. आबा काठी घेऊन उठले आणि मेंढरांना शिव्या देत त्यांच्या मागं निघाले.

भीमा गाडी विलासच्या हाती देऊन पळत गेला आणि त्यानं आबांच्या खांद्यावर हात ठेवला. आबा दचकले. मग त्यांचा चेहरा असा फुलला, की काय सांगू! त्याला हाताला धरून ते गाडीजवळ आले. विलास बावरून अजून मूठ पिळतच होता. आबांनी टाकीवर तळवा ठेवला आणि चमकून भीमाकडं बघितलं.

"चालू हाय व्हय ही?"

भीमानं मान डोलावली.

आबा आमच्याकडं वळून खुशीत म्हणाले, "लई बेस काम केलं रं पोरांनो! आधी किती बोंबलायची!"