तिकीटवालीचे पाय

देवबागहून पुण्याला शिकायला निघाले त्या दिवशी बाबांनी अंगणात गाऱ्हाणं घातलं. घरातलं माणूस परमुलखात निघालं की आमच्याकडे देवापुढे नारळ आणि विडा ठेवतात. कर्ता पुरुष देवाला खड्या आवाजात सगळी परिस्थिती समजावून सांगतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला होकार भरतात. बाबा एरवी चार शब्द बोलायचे असले तर दोन गिळायचे, पण गाऱ्हाण्याला उभे राहिले की देवाशी अगदी वकिलासारखे बोलत. "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझा चेडू शिकाक भायर पडता. तेच्या वाटेतलो काटो बाजूक कर. परक्या मुलखात तेका सांभाळून घे. आणि जसा गेला तसाच माघारी हाड रे म्हाराजा!"

जसं गेलं तसंच परत आण. "व्हय म्हाराजा!" आई पदराआडून म्हणाली. शेजारची सुलू सगळ्यांच्या वर आवाज चढवून म्हणाली, कारण तिला हसू आवरत नव्हतं.

सुलू मालवणला माझ्याबरोबर आली आणि पुण्याच्या गाडीत वाटेवरच्या कट्टा गावापर्यंत बसलीसुद्धा. कट्ट्याला तिचा कॉम्प्युटर क्लास होता, हे एक निमित्त. तिथं उतरली आणि माझ्या खिडकीला चिकटून उभी राहिली. मी आत, ती खाली. खिडकीच्या काठामुळे ती मला कमरेपासून वरच दिसत होती. दोन वेण्या, क्लासची बॅग, तोंडाची टकळी चालू. "थंय जावन शेफारू नको. चित्रां पाठय. आणि भाग दोन इसरा नको हां!" गाडी हलली. तिची तीच छबी माझ्या डोक्यात बसली आणि तिथून उठलीच नाही.

आता हा भाग दोन काय ते सांगते. कट्ट्याच्या त्याच क्लासात कुणीतरी एक जपानी गेम टाकून ठेवली होती, इंग्रजीत आणलेली. नावाला गेम, मारामारी नाही, पळापळ नाही. मागे एक चित्र, पुढे एक माणूस उभं, खाली चौकटीत त्याचं बोलणं. बटण दाबायचं की पुढचं वाक्य. मधूनच दोन पर्याय यायचे, त्यातला एक निवडायचा आणि त्याप्रमाणे गोष्ट वळायची. थोडक्यात, बटण दाबून वाचायची कादंबरी. आम्ही दोघी शब्दकोश मांडीवर घेऊन ती वाचत असू. गोष्ट एका छोट्या बंदराची. बोटीच्या तिकीटखिडकीत बसणारी एक मुलगी सगळ्या गावाला तिकिटं फाडून देते. तिचा मित्र शहरात निघून जातो, ती धक्क्यावर बसून राहते, आणि पडदा पांढरा होतो. आम्ही तिला तिकीटवाली म्हणायचो.

तो शेवट सुलूच्या डोक्यात गेला. तिनं पुन्हा पुन्हा खेळून सगळे पर्याय तपासले. "अगो, सगळां दाबून बघितलंय. ही बाय बोटीत बसतच नाय!" हे सांगताना तिचे डोळे खरंच भरले होते. मग तिनं ठरवलं की दुसरा भाग आपणच करायचा. "तू काढ, मी लिवतंय. आणि तेतूर ती जातली." म्हणजे आमच्या भागात तिकीटवाली बोटीत बसून जाणार.

पुण्याचा चित्रकलेचा कोर्स संपला, मी बंगळुरूला नोकरीला लागले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आमची कंपनी परदेशी क्लायंटसाठी मोबाईल गेमची चित्रं करते. आठवडाभर मी सोन्याच्या पेट्या काढते, झळाळणारे हिरे काढते, आणि झळाळी कमी पडली की फीडबॅक येतो तेव्हा तेच हिरे पुन्हा काढते. रूममेट तेलुगू, घरमालक कन्नड, मीटिंगा इंग्रजीत. मराठी बोलायला आईचा फोन आणि सुलूचे व्हॉइस मेसेज, एवढंच.

सुलू चार घरं पलीकडे लग्न करून गेली होती. नवऱ्याची बोट, घराच्या तीन खोल्यांत पर्यटक. त्यांच्यासाठी सुरमई तळता तळता ती मला तिकीटवालीचे संवाद बोलून पाठवायची. मागे तव्याची चरचर. मी ते इंग्रजीत करून त्या गेमच्या वेडात पडलेल्या आमच्या ऑनलाइन गटात टाकायचे. कधी न भेटलेली माणसं, कुणी संगीत करायचं, कुणी कोडिंग. परवानगी कुणाची नाही, दमडी मिळायची नाही. आयुष्यात याच एका कामासाठी मी शनिवारची वाट बघायचे.

माणसं काढायचं काम माझं. अशा गेममध्ये एका माणसाचं एकच शरीर काढतात आणि त्यावर चेहरे बदलतात. हसरा, रागावलेला, चकित, रडवेला. बोट हाकणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलाला मी बाबांचे खांदे दिले. खानावळवालीला आईची पदराला हात पुसायची सवय दिली. तिकीटवाली अर्थातच सुलू. दोन वेण्या, खांद्याला बॅग, तोंड अर्धं उघडं. गटातल्या सगळ्यांना ती आवडली. मी सुलूला अभिमानानं पाठवली.

तिचा लगेच व्हिडिओ कॉल. "ह्येका पाय खंय आसत गो?"

मी समजावलं की खाली संवादाची चौकट येते, म्हणून गुडघ्याखालचं कुणी काढत नाही, कामाची रीतच तशी आहे. माझी आई तिच्याच पडवीत शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, "पाय नाय तर ता भूत!" तिघी खूप हसलो. हसणं ओसरल्यावर सुलू म्हणाली, "मगे ही बोटीत चढतली कशी?" आणि डोकं पुढे करून, "आणि वेणये कित्या? बघ माका, अर्धे केस पांढरे झाले." मी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. खरंच झाले होते.

तुमच्यापैकी जे बाहेर पडलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. आपण निघतो तेव्हा मागच्या माणसांना आहे तिथं उभं करून जातो. आपण बदललो, जाड झालो, भाषा बाटवली तरी चालतं, त्यांनी मात्र हलायचं नाही. सुलू शेवटच्या प्रकरणात तिकीटवालीला खिडकी बंद करून बोटीकडे चालत पाठवणार होती, आणि मला ते नको होतं. मला ती खिडकीतच हवी होती. कधीतरी परत येईन तेव्हा तिकीट द्यायला कुणीतरी असावं, असं वाटायचं. हे मी सुलूला बोलले तर तिनं स्वच्छ सांगितलं, "तू ये नायतर नको येव. ती जातली."

मग मी चित्र काढायला घेतलं. पाठमोरी तिकीटवाली, वाळूत चालताना, पूर्ण, नखापर्यंत. आणि मला तिचे पाय जमेनात. सुलू कशी चालते ते माझ्या डोळ्यांसमोर येईना. जन्मापासून जिच्याबरोबर वाळूत हुंदडले तिचे पाय आठवत नाहीत, याचं मला भयंकर वाईट वाटलं. शेवटी तिलाच फोटो मागितला.

फोटो आला. जोडवी, भेगाळलेल्या टाचा, आणि घोट्यापर्यंत गढूळ पाणी. मला वाटलं किनाऱ्यावर काढलाय. मग कोपऱ्यात तिच्या पडवीची लाल फरशी दिसली. सोबत मेसेज: "बेगीन काढ. उद्या दिसूचे नाय."

देवबाग म्हणजे एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र आणि मध्ये आम्ही. समुद्र किनारा खातो हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दगडांचे बंधारे घातले, तेही खचले. त्या मोसमात समुद्र सुलूच्या पडवीत आला आणि नंतर आमच्या न्हाणीघराची भिंत घेऊन गेला. आई-बाबा कट्ट्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेले. बाबांना आता समुद्र दिसत नाही. ते सकाळी एसटी स्टँडवर जाऊन बसतात आणि गाड्या बघतात. सुलूच्या नवऱ्यानं बोट विकली, मस्कतच्या एका हॉटेलात काम धरलं, आणि सुलूनंही बॅगा भरल्या.

तिच्या फोटोवरून मी चित्र पूर्ण केलं. आजवर काढलेल्यांत तेच एक चांगलं आहे. पाठवलं तेव्हा ती निघायच्या गडबडीत होती. "बरा झाला" एवढंच उत्तर आलं. मस्कतहून एकदा म्हणाली, शेवटचं प्रकरण सुट्टीत लिहिते. मग तेही बोलणं बंद झालं. तिथं एकाच घरात राहणाऱ्या बारा जणांची भांडी आणि चादरी तिच्याकडे आहेत. मी विचारत नाही. गटातली माणसंही दुसऱ्या गेमकडे वळली. माझ्या फोल्डरमध्ये तांडेल आणि खानावळवाली गुडघ्यापर्यंत उभे आहेत. पाय फक्त तिकीटवालीला आहेत आणि तिला चालत न्यायला गोष्ट नाही.

मस्कतला जाताना सुलू कट्ट्याहूनच गाडीत बसली. मला निरोप दिला त्याच स्टँडवरून. निघण्याआधी बाबांनी त्या भाड्याच्या खोलीत तिच्यासाठी गाऱ्हाणं घातलं. आईनं फोनवर सगळं सांगितलं: नारळ ठेवला, विडा ठेवला, होकार भरायला आई आणि घरमालकाची बायको. वाटेतला काटा बाजूला कर म्हणाले, सांभाळून घे म्हणाले, आणि थांबले. "माघारी हाड म्हणाकच नाय तुझ्या बापाशीन," आई कुजबुजली. "इसारले काय म्हणान मी दोनदा खोकलंय."

बाबा गाऱ्हाण्यातला शब्द विसरणारे नव्हेत. मी आईला फोन त्यांच्याकडे द्यायला सांगितला. बाबा, म्हटलं, माझ्यासाठी एकदा म्हणा ना पूर्ण, मी इथूनच होकार भरते. पलीकडे एसटीचा भोंगा वाजला. मग बाबांनी विचारलं, अगदी साधेपणानं, खरोखरच उत्तर हवं असल्यासारखं:

"हाड म्हणान सांगतंय गो. पण खंय हाड म्हणान सांगू तेका?"