ऑपरेशननंतरची पंगत

पोट लहान करायचं ऑपरेशन करून बरीच वर्षं झाली होती. वजन उतरलं होतं, इन्सुलिनची इंजेक्शनं सुटली होती. लठ्ठपणापायी राहून गेलेलं लग्न तेवढं राहूनच गेलं. भुसावळजवळ दीपनगरच्या क्वार्टरमध्ये मी एकटाच जेवायचो, चार घास.

धुळ्याजवळ थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, भाचीचा साखरपुडा होता. पंगतीत आमरस आणि खापरावरचे पुरणाचे मांडे. मी लवकर उठू लागलो, तर व्याही म्हणाले, "आमच्या सोयरिकीचं गोड चालत नाही वाटतं?"

मी परत बसलो. एक मांडा खाल्ला, वर वाटीभर रस प्यायलो.

तासा-दीड तासाने डोळ्यांपुढे धुकं आलं. सदरा घामाने भिजला. अहेराचं पाकीट हातातून पडलं आणि जीभ जड झाली. मागे कोणीतरी हसलं.

अक्काने दंडाला धरलं. "भाऊ, तू पीसन उना का? बठ्ठा लोके दखी ऱ्हायनात!"

दारू प्यायलेलो नाही, हे सांगायचं होतं, पण शब्द जुळेनात. तिने मला मागच्या खोलीत बसवून दार ओढून घेतलं. बाहेर फोटो चालले होते. मला कोणी हाक मारली नाही. जवळच्या परातीतले दोन पेढे का कोण जाणे तोंडात टाकले. हळूहळू डोळ्यांपुढचं धुकं गेलं.

पुढे जळगावच्या डॉक्टरांनी उलगडा केला. "ऑपरेशनमुळे अन्न झटकन आतड्यात उतरतं. गोड खाल्लं की इन्सुलिन जास्त सुटतं आणि साखर एकदम खाली येते; पेढ्यांनी ती तेवढ्यापुरती वर आली. कित्येक वर्षांनंतरही असं होतं."

"कायमचं?"

"सांभाळावं लागेल. थोडं थोडं खा. आधी डाळ, पनीर. गोड नकोच."

मी अक्काला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग तवय काब्रं नही सांगं?"

"सांगणार कसं? तोंडच चालत नव्हतं गं."

भाचीच्या लग्नात तिने माझं ताट वेगळं काढलं. घट्ट डाळ, पनीर, अर्धी भाकरी. कोणी आग्रह करू नये म्हणून स्वयंपाकघरातच वाढलं. दारात उभी राहून विचारलं, "बरं शे ना?" मी मान हलवली. तेवढ्यात तिला कोणी बोलावलं आणि ती गेली.

बाहेर पंगत बसली होती. मी डाळ संपवली, ताट धुऊन पालथं घातलं आणि भुसावळची बस धरली.