घाबरवणाऱ्या बायका

आमच्या अक्कांनी आजवर जितकी माणसं घाबरवली असतील तितकी अख्ख्या खानदेशातल्या भुतांनी मिळून घाबरवली नसतील. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. धुळ्याच्या एका शाळेत जन्मभर भूमिती शिकवली, निवृत्त झाल्यावर आमच्याजवळ जळगावला राहायला आल्या आणि कॉलनीतल्या वाचनालयाचा कारभार त्यांनी कुणी न देताच हाती घेतला. भुताखेतांवर त्यांचा काडीचाही विश्वास नाही. आमच्या घरात देव्हाराच नाही, तर भुताला कोण विचारतो? पण भयकथा म्हटली की अक्कांच्या डोळ्यांत लग्नघरातल्यासारखा उजेड येतो. त्यातही बाईनं लिहिलेली भयकथा हवी. पुरुषांच्या भयकथा त्या नुसत्या चाळतात. "पुरुषाचं भूत स्मशानात असतं गं. स्मशानात न जाऊन चालतं. बाईचं भूत स्वयंपाकघरात असतं. तिथे न जाऊन कसं चालेल?" हे वाक्य त्यांनी मला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मी एकटीच गॅसपाशी उभी होते.

वाचनालयात येणाऱ्याला काय हवंय हे अक्का विचारत नाहीत, त्यांना काय द्यायचंय ते देतात. एक आबा दर आठवड्याला संतचरित्रं न्यायला येत. त्यांच्या पिशवीत अक्कांनी एक भयकथासंग्रह सरकवला. चार दिवसांनी आबा परत आले आणि दारातूनच म्हणाले, "अक्का, हे संत कोणते हो? पहिल्याच पानावर गळा आवळतात!" मी तेव्हा वर्तमानपत्रामागे तोंड लपवलं होतं. अक्कांनी मात्र शांतपणे विचारलं, "मग दुसरं पान वाचलं की नाही?" आबांनी पूर्ण पुस्तक वाचलं होतं. आता ते संतांकडे फिरकत नाहीत.

अक्कांच्या वाट्याची लाज मी अशी अनेक ठिकाणी भोगली आहे. धाकट्या दिरांच्या नव्या फ्लॅटमध्ये गृहप्रवेशाचा बौद्ध परित्राणपाठ होता. सगळे पांढऱ्या कपड्यांत हात जोडून बसलेले. पाठ संपला, खीर वाटायला घेतली, तेवढ्यात अक्कांनी बिल्डरला कोपऱ्यात गाठलं आणि बाकी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बांधकामाच्या वेळी इथून कुणी पडलंबिडलं होतं का हो? आमच्या एका लेखिकेला भुतासाठी जागा हवी आहे." बिल्डरच्या हातातली वाटी कलंडली. पाठ सांगायला आलेले भंतेजी हसले, म्हणून निभावलं. जाऊबाई मात्र त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलत नव्हत्या, जणू मीच अक्कांना पढवून आणलं होतं. धुळ्याच्या एसटीत तर त्या कथा मोठ्यानं वाचतात. एकदा कंडक्टर तिकिटं फाडायची सोडून आमच्या सीटचा दांडा धरून उभा राहिला आणि मी खिडकीला कपाळ टेकून झोपेचं सोंग घेतलं. भरताची वांगी भाजतानाही त्यांचा हाच विषय. "घाबरवणं भरतासारखं असतं. वरून नुसतं जाळून काय उपयोग? वांगं आतून शिजलं पाहिजे."

गेल्या वर्षी त्यांच्या मनात आलं की आपल्या भागात भयकथा लिहिणाऱ्या बायकांचा वाचकांसमोर सत्कार करायचा. शोधता शोधता चौघी सापडल्या. चौकात फलक लागला, 'घाबरवणाऱ्या बायका'. त्याखाली तारीख आणि अक्कांचं नाव. वाचनालयाचे अध्यक्ष नाना धावत आले. "अक्का, निदान 'लेखिका' तरी लिहा हो. लोक मला विचारताहेत, तुमच्या घरच्याही त्यात आहेत का." अक्कांनी खडूनं बारीक अक्षरात 'लेखिका' लिहिलं. ते सकाळच्या दवानं पुसून गेलं.

त्या चौघींत भडगावकडच्या एका खेड्यातली सून होती. विशीतच लग्न झालेली, आता दोन मुलांची आई. दुपारी शेतावरून आलं की फोनवर कथा लिहायची आणि अक्कांना पाठवायची. तिची एक कथा अक्कांना इतकी आवडली की वाचनालयात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ती ऐकवली. गोष्टीतली सासू मेलेली असते, पण रोज स्वयंपाकघरात तिच्या बांगड्या वाजतात आणि सून भाकरी थापू लागली की कुणीतरी त्या मोजतं. बाकी काही घडत नाही. सुनेची एकच अट होती. "वाचून दाखवा अक्का, पण माझं नाव घेऊ नका. मी मागे बसून ऐकीन." अक्कांनी शब्द दिला होता.

सत्काराच्या दिवशी सभागृह भरलं होतं. अक्कांनी कथा अशी वाचली की पंखेसुद्धा हळू फिरताहेत असं वाटलं. संपल्यावर टाळ्याच टाळ्या. आणि त्या टाळ्यांच्या भरात अक्का माइकवरून म्हणाल्या, "ही जिनं लिहिली ती इथेच बसली आहे!" पाठोपाठ तिचं नाव, आडनाव आणि गावही सांगून टाकलं. मधल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, ही तर आपली वहिनी! म्हणजे ती भाकरी मोजणारी आपली काकूच की!" तो तिचा चुलत दीर होता. सभागृहात हशा उसळला. मागच्या रांगेत ती उठली, पदर तोंडावर ओढला आणि लोकांचे गुडघे ओलांडत बाहेर गेली. अक्का माइक धरून तशाच उभ्या होत्या. त्यांच्यासाठी शरमून घ्यायची मला सवय होती, पण त्या दिवशी मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. पुढचे तीन सत्कार नानांनी उरकले.

त्या संध्याकाळी सुनेनं अक्कांचा फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशी अक्का एसटीनं तिच्या गावी निघाल्या आणि त्या तिथे जाऊन काय बोलून बसतील या धास्तीनं मीही निघाले. सासू ओसरीवरच्या खाटेवर दादर ज्वारी निवडत बसली होती. पुतण्यानं सगळं आधीच सांगितलेलं. आम्हाला पाहून तिनं सूप बाजूला खाटेवर ठेवलं.

"तूच का वं ती लायब्ररीवाली? मी जित्ती शे आनि तुम्ही माले मारी टाकं!"

अक्कांनी वाटेत तयार केलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. "चूक माझी आहे, आजी. तिनं नाव नको म्हणून सांगितलं होतं. मीच बोलून गेले. तिला काही बोलू नका."

"नाव ऱ्हाऊ दे. गोठ काय शे ती वाची दखाड. गाव हासस, मीच ऐकी नही."

अक्कांनी आतल्या दाराकडे पाहिलं. चौकटीआड सून उभी होती. "वाचा," ती म्हणाली, "आता लपवायचं काय राहिलंय?"

अक्कांनी वाचली. आवाज न चढवता, न थांबता, विजेचं बिल वाचावं तशी. म्हातारी मान खाली घालून ऐकत होती. गोष्ट संपली. मी मनातल्या मनात शिव्यांची तयारी करून ठेवली होती.

"माले वाटे ती माले मान देस," म्हातारी हळूच म्हणाली. "हाई ते भ्याव शे."

मग तिनं खाटेवरचं सूप उचलून खाली ठेवलं आणि आत हाक मारली, "ये वं. आठे बस."

"चहा ठेवलाय, आई."

"ऱ्हाऊ दे चहा. बस."

सून आली आणि खाटेच्या अगदी कडेला टेकली, उठायला सोपं जाईल अशी. दोघी अंगणात चरणाऱ्या कोंबड्यांकडे पाहत राहिल्या. आम्हाला निरोप कसा घ्यावा कळेना. आत चहा उतू गेल्याचा वास आला, तरी म्हातारीनं तिला उठू दिलं नाही.

परतीच्या एसटीत अक्कांनी पिशवीतून पुस्तक काढलं नाही. बरंच अंतर गेल्यावर म्हणाल्या, "ती कथा मी इतक्यांदा वाचून दाखवली. ऐकणारे कुठे दचकतात तेवढंच बघत होते गं. लिहिणारी रोज दचकते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही." मी त्यांचा हात हातात घेतला, आणि त्यांनी तो घेऊ दिला.

मध्ये कित्येक महिने तिच्याकडून काही आलं नाही. अक्का रोज फोन उघडून बघत आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं मिटत. परवा एक नवी कथा आली. खाली एवढंच लिहिलं होतं, 'नाव सांगितलं तरी चालेल. आडनाव नको.' अक्कांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि मला विचारलं, "खरंच चालेल म्हणतेय ना गं ती? की फोन करून एकदा विचारू?"