अक्षता पडताना ती कुठे होती

पालघरच्या कचेरीसमोर टेबल मांडून अर्ज लिहिण्यात माझी सत्तावीस वर्षे गेली. शिक्षण नववीपर्यंत, परंतु वारसनोंद असो, रेशनकार्डातील दुरुस्ती असो की मोजणीवरची हरकत, माझ्या हातचा मजकूर कोणा कारकुनाने परत फिरवल्याचे मला स्मरत नाही. एखाद्या शब्दासाठी वकीलही माझ्याकडे डोकावून जातात.

मुलीच्या लग्नात मी तीन कॅमेरे लावले होते. कॅमेरेवाला जवळच्या दांडी गावचा, मासेमारांच्या घरातला, कामाला चोख. आदल्या दिवशी मी त्याच्या हाती फुलस्केप कागदावरचे कलमवार सूचनापत्र ठेवले. पहिला कॅमेरा वधूवरांवर, दुसरा भटजी व अंतरपाटावर, आणि तिसरा सर्व विधी आटोपेपर्यंत सन्माननीय पाहुण्यांच्या सोफ्यावर.

"काका, आमी लगीन शूट करतो, कोर्टाची केस नाय," तो कपाळाला हात लावून म्हणाला. तरीही मी त्याची सही घेतली.

मंगलाष्टके चालू असताना वधूच्या आईने ती पाहू नयेत, तुळशीला पाणी घालत बाजूला बसावे, अशी आमच्याकडे रीत आहे. हॉल भाड्याचा, तिथे तुळस कुठून असणार? म्हणून घरची कुंडी रिक्षात घालून मी स्वतः नेली आणि हॉलच्या मागच्या दाराबाहेर ठेवली. पत्नी तांब्या घेऊन तिथे बसली. "मी आपली नंतर कॅसेटमध्ये बघेन," असे तिने आपल्या बहिणीला हसत सांगितले. व्हिडिओला ती शेवटपर्यंत कॅसेटच म्हणत असे.

ती कॅसेट तिने पाहिली नाही. महिनाभराने कॅमेरेवाल्याने माझ्या टेबलाशी येऊन पहिली प्रत दाखवली, तेव्हा पाहुण्यांच्या नावांच्या पट्ट्यांत मला हुद्द्यांच्या चुका आढळल्या. मी दुरुस्त्यांची यादी दिली. मग दुसरी, मग तिसरी.

"अहो, आली का कॅसेट?" पत्नी विचारी.

"निर्दोष झाल्याखेरीज घरात येणार नाही."

"दोषासकट आणा की. मी कुठे हुद्दे वाचत बसणार आहे?"

लग्नानंतर पाचव्या महिन्यात काविळीचे निमित्त झाले आणि पंधरवड्यात ती गेली.

दिवसकार्य उरकल्यावर मुलीने मला विचारले, "बाबा, त्या व्हिडिओत आई कुठे आहे?"

"आहे की. हळदीत आहे, पाठवणीत आहे."

"तसं नाही. माझ्यावर अक्षता पडत होत्या तेव्हा. मी अंतरपाटाआडून सारखी तिलाच शोधत होते. मला ते दोन्ही एकदम बघायचंय, बाबा. मी आणि ती."

कॅमेरेवाल्याने हात वर केले. "तुळशीकडं कॅमेरा कुठं होता? तुमीच कलम घातलं होतंत." मात्र शेवटची प्रत आणि तिन्ही कॅमेऱ्यांचे सगळे चित्रण त्याने एका डिस्कवर दिले आणि बोईसरला अशी कामे करणाऱ्या एका बाईंचा पत्ता सांगितला.

बाई जळगावकडच्या. पती कारखान्यात पाळीवर, आणि त्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत दोन पडदे मांडून एडिटिंग करतात. मी सोबत नेलेला अर्ज वाचू लागलो.

"अर्ज राहू द्या हो काका, चहा घ्या. काय पाहिजे ते बोटाने दाखवा."

मी मुलीचे म्हणणे सांगितले. त्यांनी तिन्ही कॅमेऱ्यांच्या पट्ट्या पडद्यावर एकाखाली एक घातल्या. "भटजींचं 'सावधान' तिन्हीत ऐकू येतं. ते एका रेषेत आणलं की तिन्ही कॅमेरे एकाच क्षणात येतात. मग मोठ्या चौकटीत ताई, आणि कोपऱ्यात छोट्या चौकटीत बाकीच्या कॅमेऱ्यांत आई सापडेल ते. दोन्ही बरोबर चालतात." जरा थांबून त्या म्हणाल्या, "पण उजव्या कोपऱ्यात ठेवली तर तुमच्या साहेब लोकांच्या नावांच्या पट्ट्या झाकल्या जातील."

"झाका," मी म्हणालो.

तिसऱ्या कॅमेऱ्यात सोफा दिसू लागला. पाहुण्यांपैकी दोघे मोबाइल पाहत होते. सोफ्यामागे फेटा बांधून मी उभा. तिसरे कडवे सुरू झाले आणि मागच्या दारातून पत्नी आत आली, हातात तांब्या तसाच. माझ्याशेजारी येऊन ती टाचा उंचावून लोकांच्या डोक्यांवरून मंडपाकडे पाहू लागली. तिचा चेहरा पूर्ण उजेडात होता. ती काहीतरी बोलली. मी मान न वळवता हात वर केला आणि दार दाखवले. ती वळली आणि गेली. अवघे नऊ सेकंद.

हा प्रसंग मला आठवत नव्हता. आजही आठवत नाही. मी तो केवळ पाहिलेला आहे.

बाईंनी माझ्या कानांवर हेडफोन चढवले. "एकच कडवं बघते हो," पत्नी म्हणत होती. आणि तिचे वाक्य पुरते संपण्याआधीच माझा आवाज: "रीत म्हणजे रीत. जा."

मग पडद्याकडेच बघत त्या म्हणाल्या, "चौकट त्यांच्या चेहऱ्यापुरती कापते. तुम्ही येणार नाही त्यात. छोट्या चौकटीचा आवाज तसाही बंदच ठेवतात, नाहीतर दोन आवाज मिसळतात. आणि हे नऊ सेकंद हळू केले ना, तर कडवंभर उभ्या दिसतील त्या."

पहिल्या दोन गोष्टींना मी संमती दिली. तिसरीला नाही म्हणालो. जे कडवे मी तिला पाहू दिले नव्हते, ते पडद्यावर तिच्या नावे लावण्याचा अधिकार मला नव्हता.

त्या रविवारी मुलगी घरी आली. लॅपटॉपवर मोठ्या चौकटीत ती अंतरपाटाआड उभी होती. कोपऱ्यात छोटी चौकट उघडली, तीत तिची आई. मुलीने त्या चौकटीवर बोट ठेवले.

"बघत होती! बाबा, ती बघत होती मला!" ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "आणि मला वाटलं, बसली असेल रीत पाळत. लबाड कुठली!"

चौकट मिटली.

"एवढंच? लगेच का गेली?"

"तुळशीला पाणी घालायचं होतं."

तिने पुन्हा लावून पाहिले. मग तिसऱ्यांदा.

"ती बोलतेय, बाबा. कोणाशी बोलतेय?"

मला कितीतरी उत्तरे सुचत होती. एकही खरे नव्हते.

"माझ्याशी," मी म्हणालो. ती काय म्हणाली तेही सांगितले. मी काय म्हणालो तेही सांगितले.

मुलीने लॅपटॉप मिटला. "मला आवाजासकट पाहिजे," एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बोईसरला गेलो. बाईंनी बराच वेळ खटपट केली. "दोन्ही बोलणी एकमेकांत शिरलीत. त्यांचं ठेवून तुमचं गाळायला गेले तर त्यांचंही शेवटचं अक्षर जातं, काका."

"काही गाळू नका."

त्यांनी मंगलाष्टकांचा आवाज खाली आणला आणि छोट्या चौकटीचा आवाज उघडला. या वेळी हेडफोन नव्हते. खोलीभर ते ऐकू आले.

ती प्रत मी मुलीकडे पोहोचवली. तिचा फोन येतो. जेवलात का, गोळी घेतलीत का, असे विचारते आणि ठेवते. घरी आलेली नाही. मी कारण विचारलेले नाही.