सशांचा संडास

आमच्या शेजारचे सहदेवराव तायडे अठ्ठावीस वर्षं ग्रामसेवक होते. गुड मॉर्निंग पथकात पहाटे शिट्टी घेऊन फिरायचे आणि लोटा घेऊन निघालेल्या माणसाच्या गळ्यात फुलांचा हार घालायचे. अर्ध्या तालुक्याला आपणच संडासात बसवलं, असं ते स्वतःच सांगतात. अशा माणसाच्या अमरावतीतल्या घरात दोन ससे दिवाणामागच्या कोपऱ्यात खुशाल घाण करत होते. यापेक्षा मोठी फजिती ती कोणती?

ससे लेकीचे. अपेक्षा शिकायला अकोल्याला होस्टेलवर गेली आणि सरपंच, उपसरपंच बापाच्या गळ्यात पडले. नावं बापानंच ठेवलेली. त्यांच्या पत्नी शकुनवहिनींनी आठ दिवसांची मुदत दिली. सशांना वळण लागलं नाही, तर रविवारी वहिनींचा भाऊ नत्थुजी शेंदूरजनाघाटहून संत्र्याची रिकामी पेटी घेऊन येणार आणि दोघांना कायमचं नेणार. सहदेवरावांचा चेहरा पडला. निवृत्तीनंतर त्यांच्या पावलांचा आवाज ऐकून धावत येणारं घरात तेवढंच उरलं होतं.

आधी त्यांनी घमेलं आणलं. ससे त्यात चढेनात. मग टब आणून त्यात रेती भरली आणि तो मागच्या अंगणात ठेवला, कारण राहत्या घरापासून अंतर हवं, हा नियम. सशांनी रेती उकरून फेकली आणि कार्यक्रम दिवाणामागेच उरकला. सुताराकडचा भुसा भरला, तर दोघं शिंकायला लागले. शेवटी या गृहस्थानं भल्या पहाटे घरात शिट्टी वाजवली. घाबरून सरपंचांनी जे केलं, ते वहिनींकडे शिवायला आलेल्या ब्लाउजपीसवर.

शनिवारी मीच त्यांना जनावरांच्या डॉक्टर इफ्फत मॅडमकडे ओढत नेलं. मॅडमनी नीट समजावलं. दोघं आरामात मावतील असा पसरट, एका बाजूनं बुटका टब घ्या. तळाला रद्दी फाडून टाका. सशांनी जो कोपरा निवडलाय तिथंच ठेवा. इथवर सहदेवराव वहीत उतरवून घेत होते. मग मॅडम म्हणाल्या, टबाच्या एका टोकाला वाळलं गवत भरा, ससे खाता खाताच मोकळे होतात.

सहदेवरावांनी वही मिटली.

"संडासात वैरण? म्याडम, संडासात ढोराचं कुटार भरलं म्हून म्या लोकायले नोटिसा देल्या."

"काका, सशायले नोटीस वाचता येत नाई," मॅडम म्हणाल्या.

रस्ताभर ते माझ्याशी भांडले. संडासात कुटार सापडलेल्या घरांची नावं त्यांनी ग्रामसभेत मोठ्यानं वाचली होती म्हणे. आता तेच आपल्या घरात कोणत्या तोंडानं करायचं? मी वैतागलो. म्हटलं, मग उद्या पेटी भरा. त्यावर मात्र त्यांनी वाटेतच बुटका टब आणि वाळल्या गवताची पेंढी विकत घेतली.

घरी त्यांनी दिवाण सरकवला, कोपऱ्यात टब ठेवला, रद्दी फाडली आणि मान दुसरीकडे वळवून गवत भरलं. सरपंच टुणकन आत गेले. चरायला लागले आणि चरता चरताच मोकळे झाले. पाठोपाठ उपसरपंच. सहदेवरावांना भरून आलं. असल्या प्रसंगी डोळे पुसणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

रविवारी नत्थुजी पेटी घेऊन हजर झाले. वहिनींनी त्यांना चहा दिला. घरातली फरशी कोरडी पाहून त्यांनी विचारलं, लागलं का सशांना वळण?

"ससे होते तसेच हायेत, भाऊ," वहिनी सहदेवरावांकडे बोट करून म्हणाल्या. "वळण लागलं ते यायले."