कोपऱ्यातला आकडा

मंगळवार, १३ ऑगस्ट २०२४, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. चाचणीच्या कागदावर ही नोंद करून मी उजव्या कोपऱ्यात नेहमीप्रमाणे '१' लिहिला.

तो कोपरा ही गारखेड्यातल्या आमच्या समुपदेशन केंद्राची पद्धत. चाचणी घेणाऱ्याचे मन ढवळलेले असेल तर मोजणीही बिघडते, असे आमच्या प्रमुख बाईंचे ठाम मत. म्हणून प्रत्येक चाचणीआधी स्वतःची अस्वस्थता शून्य ते दहा यांत नोंदवायची. वर्षभरात मी एकाच्या वर कधी गेले नव्हते. माझ्याबरोबर रुजू झालेली सहकारी मात्र बेधडक चार, सहा लिहायची आणि बाई रागावण्याऐवजी तिला समोर बसवून चहा पाजायच्या. मला तो चहा कधीच मिळाला नाही.

महिनाअखेरीस आम्हा दोघींपैकी एकीलाच कायम करणार होते. गुणांनी मी पुढे होते. बुद्धिमापनाच्या चाचण्या, व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावल्या, शाईचे डाग दाखवून मनात डोकावणारी तंत्रे. यांतले काय कशासाठी वापरावे आणि कशासाठी मुळीच वापरू नये, हे मला तोंडपाठ होते. तिला अजून पुस्तिका उघडावी लागे. पण पैठणकडच्या बोलीत ती दोन वाक्ये बोलली की मुले तिच्याजवळ सरकत. ते मोजणारी चाचणी मला माहीत नव्हती, म्हणूनच ते अधिक सलत असे.

त्या दिवशी चितेगावहून नऊ वर्षांची मुलगी वडिलांबरोबर आली होती. तिला नेहमीच्या वर्गात ठेवावे की विशेष शाळेत पाठवावे, हे ठरवण्यासाठी अहवाल हवा होता. चाचणी मी घेणार, सहकारी मुलीच्या मागे बसून निरीक्षणे लिहिणार. मुलगी मला 'मॅडम' म्हणाली आणि तिला 'ताई'. ओळख दोघींशीही दोनच मिनिटांची!

चित्रातली नक्षी लाल-पांढऱ्या ठोकळ्यांनी ठरलेल्या वेळेत जुळवायची होती. पाचांपैकी पहिल्या दोन नक्ष्या जमल्या. दोन्ही वेळा मी गुण दिले आणि ठोकळे डबीत भरले. पुढच्या तिन्ही वेळा मी पाहिले तेव्हा ठोकळे डबीतच होते. प्रयत्न सोडला, असे मानून मी तीन शून्ये लिहिली.

मुलगी वडिलांकडे बाहेर गेल्यावर सहकारी माझ्या कागदावर वाकली.

"तीन शून्यं? कशापायी?"

"तिनं सोडून दिलं. ठोकळे भरून टाकले."

"सोडलं नाय गं. तिन्ही जमवल्या, तुझ्याकडं बघितलं, मग आवरलं. आधी दोनदा तूच आवरलंस ना? तिला वाटलं, रीतच हाय." ती हसली. "आन् तू घड्याळ धरून माझ्याकडं बघत व्हतीस. माझ्या तोंडावर नक्षी व्हती का?"

मी मुलीला परत बोलावून विचारले. "आवरून ठेवायचं असतं ना, मॅडम?" ती घाबरून म्हणाली. "मी एकबी ठोकळा हरवला नाय."

सहकाऱ्याच्या कागदावर तिन्ही नक्ष्यांपुढे बरोबरच्या खुणा होत्या. पण नियमाने गुण चाचणी घेणारीचेच धरतात. सरावाचा फायदा होतो म्हणून तीच चाचणी लगेच पुन्हा घेता येत नाही. मी गप्प राहिले असते तर शून्ये टिकली असती, आणि कोपऱ्यातल्या त्या शांत '१'ने त्यांची हमी दिली असती. मुलीचा वर्ग गेला असता. माझी जागा राहिली असती.

मी तो कागद घेऊन बाईंच्या खोलीत गेले. ही चाचणी रद्द धरावी, दुसऱ्या प्रकारची चाचणी घ्यावी आणि ती माझ्या सहकाऱ्याने घ्यावी, असे सांगितले. शेवटचे वाक्य उच्चारतानाही तिचा राग आला.

"कारण?" बाईंनी विचारले.

आमच्याकडे चुकीची नोंद पुसत नाहीत; खालचे दिसेल अशी एकच रेघ मारतात. मी '१'वर रेघ मारली, शेजारी सही केली आणि त्याखाली लिहिले: ९.