म्हशीच्या नावाचा पासवर्ड

आमच्या बेळगावच्या वाचनालयात आता पुस्तक न्यायचं तर आधी काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर आपलं खातं उघडावं लागतं. काउंटरवर बसणाऱ्या ग्रंथपाल गृहस्थांनी म्हाताऱ्या वाचकांसाठी नामी युक्ती काढली आहे. पासवर्ड म्हणून घरच्या जनावराचं नाव! "नातवंडांची नावं गोंधळतात, म्हशीचं न्हाय," असं ते छातीवर हात ठेवून सांगतात. त्यामुळे सांबऱ्यापासून कंग्राळीपर्यंतच्या गावांतले गोठे त्यांना तोंडपाठ आहेत, आणि पुस्तकाआधी ते दुधाची चौकशी करतात.

गेल्या आठवड्यात कंग्राळीचे एक आप्पा कीबोर्डवर बोट धरून नुसतेच उभे राहिले. मागे आम्ही पाच-सहा जण.

"टाका की आप्पा. चंद्री न्हवं?" गृहस्थांनी आठवण करून दिली.

"व्हय. परवा गेली रं ती."

बोट काही खाली येईना. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आवरा की! म्हशीचं सुतक धरलंय काय?"

आप्पांनी चष्मा खिशात घातला आणि ते रिकाम्या हातानं दाराकडे वळले.

आपल्या कॉम्प्युटरला कुणी नुसतं 'हळू चालतो' म्हटलं तरी या गृहस्थांचा अबोला दोन दिवस टिकतो. तेच उठून गरजले, "सर्व्हर डाऊन हाय! समद्यांनी बसून घ्या!" मग आप्पांना दारात गाठून त्यांनी काउंटरवर राहिलेलं पुस्तक हातात दिलं. "घेऊन जावा. दुसरं नाव सवडीनं ठरवू."

मी काउंटरला टेकून होतो. पडद्यावर सगळं व्यवस्थित चालू होतं. बाकावर जाऊन पहिला मीच बसलो.